खेकड्याची ताकद कमी करू नकोस

बेटेगाव, बोईसर

प्रिय मनीष,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. उजव्याच हाताने लिहितेय. अक्षर वाकडं आलंय, वाचायला वेळ लागेल, लागू दे.

इकडे सगळं ठीक. सुलू रोज सकाळी नवापूरहून येते, स्वयंपाक करून जाते. परवा मी विळीवर कांदा घेऊन बसले तर तिने विळीच ओढून घेतली. "ताई, तुमाला नाय जमायचं, द्या इकडं." म्हटलं, जमतं की नाही ते माझं मी बघते. फोडी बोटाएवढाल्या झाल्या, पण भाजी झाली. नाक मुरडत का होईना, तिनेही खाल्ली.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून सगळे माझ्याशी असेच वागतात. ज्या हाताने मी रंगाच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये उभा जन्म ब्युरेटची तोटी फिरवली, एका थेंबावर थांबवली, त्या हाताला आता पाण्याचा पेलाही कोणी देत नाही. तू मात्र दिवाळीत आलास आणि तू बनवलेला नवा गेम टीव्हीला जोडून कंट्रोलर सरळ माझ्या हातात दिलास. म्हणालास, "आई, खेळ. बोटं चालती राहतील." फार बरं वाटलं होतं रे मला.

तुझ्या गेममधली ती नवसी, खाडीतून एकटीने होडी काढणारी, मला पहिल्या दिवसापासून आवडली. जे कराल तेच तिला येत जातं, हे तर फारच आवडलं. वल्हं मारलं की वल्हं सुधारतं, भाला फेकला की भाला. दुकानातून विकत घेतलेली ताकद नाही. खाडीच्या तोंडाशी बसलेल्या त्या अजस्र खेकड्याने मला किती वेळा बुडवलं, ते मोजलंही नाही. भाला भराभर फेकायचा तर उजवा अंगठा चपळ हवा, आणि माझा तर अजून झोपेतच. चिडायचे, कंट्रोलर आपटायचे, चहा प्यायचे आणि पुन्हा बसायचे.

मग संक्रांतीच्या सुमाराला तो एकदम मेला. दोन भाल्यांत! मी उभ्या इमारतीत पेढे वाटले. तुला फोन केला तेव्हा तू म्हणालास, "बघ, म्हटलं नव्हतं?" तुझ्या आवाजात काहीतरी होतं, पण आनंदात मी लक्ष दिलं नाही.

शेजारची उन्नती, कॉलेजात जाते ती, तिनेही तुझा गेम विकत घेतला होता. तिची नवसी माझ्या नवसीइतकीच तयार, तरी तिचा खेकडा काही मरेना. तिचा लॅपटॉप माझ्या टीव्हीशेजारी ठेवून बघितलं तेव्हा ती चाचरत म्हणाली, "काकी, तुमच्या खेकड्यात दमच नाही. कोणीतरी कमी केलाय." कोणीतरी! तुला विचारलं तर हसलास. "तुझ्यासाठी इथूनच थोडा सोपा केला, त्यात काय एवढं?"

मनीष, ते पेढे माझ्या घशात अडकले. गेमचा बॅलन्स म्हणजे काय ते तूच मला शिकवलंस. फार हरला तर माणूस उठून जातो, फार सहज जिंकला तर कंटाळतो. मग मी उठून गेले होते का? मला न विचारता तू मला तोललंस आणि हलकी ठरवलंस. मी हरत होते तेव्हा निदान ती हार तरी माझी होती.

तू दुकानात विकतोस तोच गेम मी उन्नतीकडून टीव्हीवर घालून घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी भाल्याच्या नादाला लागले नाही. तुझ्या गेममध्ये भरती-ओहोटी ओळखण्याचं एक कौशल्य आहे ना, ते वाढवत बसले. उन्नती म्हणाली, ते कोणीच वाढवत नाही, वेळ फार जातो. वेळ माझ्याकडे भरपूर आहे. नवसीला किनाऱ्यावर बसवून नुसतं पाणी बघायला लावलं, दिवसच्या दिवस. शेवटी तिला पाण्याची ओढ आधीच कळायला लागली. मग खेकड्याला पुढे पुढे बोलावत चिखलात नेलं. ओहोटी लागली, पाणी सरलं, तो पोटापर्यंत रुतला. त्यानंतर भाला हळू पडला तरी चालतो. माझा हळूच पडला. आख्खी दुपार गेली. पण मेला, पूर्ण ताकदीचा मेला! उन्नती सोफ्यावर उभी राहून ओरडत होती. मी ओरडले नाही, अंगठा चोळत बसले. पेढेही वाटले नाहीत.

कोणी वापरत नाही म्हणून ते कौशल्य तू पुढच्या आवृत्तीतून काढणार आहेस असं उन्नतीने कुठेतरी वाचलं. काढू नकोस. ज्यांचा हात हळू चालतो त्यांच्यासाठी तीच एक वाट आहे. आणि ती सोपी नाही, हे मी तुला खात्रीने सांगते.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. रविवारी एक एजंट मोजायची टेप घेऊन दारात उभा राहिला. मनीष सरांनी फ्लॅट विकायला सांगितलाय म्हणाला. पुण्यात तुझ्या घरामागची खोली माझ्यासाठी रंगवून घेतली आहेस, हेही मला त्याच्याच तोंडून कळलं. त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. फ्लॅट माझ्या नावावर आहे आणि मी सही करणार नाही. तू माझ्या काळजीने करतोस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. पण मी इथेच राहणार. पडले तर पडेन, उठता नाही आलं तर हाक मारेन, आणि ती कधी मारायची ते मी ठरवेन. त्या खोलीत तुझी पुस्तकं ठेव. मे महिन्यात मी पुण्याला येतेय, आठ दिवस, पाहुणी म्हणून. घ्यायला येऊ नकोस. बोईसर डेपोत जाऊन एसटीचं तिकीट मी काढून आलेय.

तुझीच, आणि तरीही माझी स्वतःची,
आई