पुसलेल्या दाराची नोंद होण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य नोंदणी अधिकारी,
सार्वजनिक सलोखा कार्यालय,
खिडकी क्रमांक चारच्या मागची, पंखा असलेली खोली.

विषय : अर्जदाराच्या समोरच्या घराविरुद्ध सहा महिन्यांत चौदा वेळा झालेला, आणि चौदाही वेळा पुसला, झाडला, फाडला किंवा खिशात घातला गेलेला गुन्हा नोंदवहीत चढवण्याबाबत.

संदर्भ : खिडकी क्रमांक चारवर गेल्या सोमवारी केलेली तोंडी तक्रार व त्यावर मिळालेलं तोंडी हसू.

महोदय,

या अर्जातला शब्द न् शब्द खरा आहे. अर्जदार हे आपल्या उरलेल्या पाचही दातांची शपथ घेऊन, जिन्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगते. एवढं ओरडायचं कारण असं की अर्जदार ऐंशीच्या पुढची असून गोष्टी रचण्याबद्दल तिचं नाव बरंच खराब आहे. तिच्या आजोबांनी मगरीला दात घासायला शिकवलं, ही हकिगत तिने इमारतीतल्या तीन पिढ्यांना ऐकवली आणि दर पिढीला मगर हातभर वाढली. हे ती नाकारत नाही. लोक म्हणतात, ही बाई राईचा पर्वत करते. पण इथे आपल्या कचेरीने पर्वताची राई केली आणि ती राईही सांडून टाकली, म्हणून हा अर्ज.

१. अर्जदार तिसऱ्या मजल्यावर राहते. समोरच्या दारात घड्याळजी, शिवणकाम करणारी त्यांची बायको आणि त्यांची शाळकरी मुलगी. माणसं बाहेरून आलेली. बोली वेगळी, प्रार्थनेचा वार वेगळा, नाव घेताना जिभेला जरा व्यायाम. बाकी सगळं चारचौघांसारखं. त्यांचंही दूध उतू जातं आणि घड्याळजीही चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतात.

२. सहा महिन्यांपूर्वी एका मंगळवारी सकाळी अर्जदार दूध घ्यायला दार उघडते तर काय, समोरच्या दारावर काळ्या ऑइलपेंटने हातभर अक्षरांत 'चालते व्हा' लिहिलेलं. अर्जदाराला शहाणपणा सुचला. पोरीने शाळेला जाताना वाचायला नको म्हणून तिने टर्पेंटाइन आणि जुना परकर घेऊन दार गुपचूप घासून काढलं आणि कुणाकडे अवाक्षर काढलं नाही. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही अशा बाईने एवढं पोटात ठेवलं, याची वेगळी नोंद घ्यावी. असं तिने तीनदा केलं.

चौथ्या वेळी ती गुडघे टेकून घासत असतानाच दार आतून उघडलं. घड्याळजींची बायको उभी. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात टर्पेंटाइनची बाटली. दोघी एकमेकींच्या बाटल्यांकडे बघत राहिल्या.

"आजी, तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला दिसू नये म्हणून मी एकटीच पुसतेय."

तिने पाच वेळा पुसलं होतं, अर्जदाराचे चार सोडून. तेवढ्यात झाडूवाली बाई जिना झाडत वर आली आणि दोन बाटल्या बघून मटकन पायरीवर बसली. तिनेही कबूल केलं. या उंबऱ्यावर कुणी पसरलेल्या फुटक्या काचा तिने तीनदा भरून नेल्या होत्या, पोरीच्या पायात जातील म्हणून. मग टपालवाल्याचा नंबर लागला. या घराच्या नावाने आलेली, त्याच मजकुराची दोन उघडी पत्रं त्याने वाचली. एक फाडलं, एक खिशात ठेवलं, पेटीत एकही टाकलं नाही. नोकरीच्या नियमात हे बसत नाही हे त्याला ठाऊक आहे, तरी त्याच्यावर कारवाई होऊ नये अशी अर्जदाराची पोटतिडकीची विनंती आहे. माणूस भला आहे, अक्षर तेवढं वाईट.

चार, पाच, तीन आणि दोन. चौदा. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यालाच काय ते माहीत. आणि आपल्या कचेरीच्या दर्शनी भिंतीवर फलक आहे, 'द्वेषातून घडलेले गुन्हे : चालू वर्षी शून्य'. शून्याभोवती रंगीत दिवेही आहेत. दिवे छान आहेत.

३. खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं, काय मोडलं? काही नाही. कोण जखमी? कुणी नाही. मग ते हसले, पोरांचा खोडसाळपणा असेल म्हणाले. फॉर्मवर चौकोन पाच : भांडण, चोरी, आवाज, पाळीव प्राणी, इतर. अर्जदाराला 'इतर' मिळत होता. तिने तो घेतला नाही.

साहेब, आमच्या इमारतीत चोवीस दारं आहेत. खोडसाळ पोराचा हात कुठेही जातो. तो सेक्रेटरींच्या दारावर मिशा काढतो, अर्जदाराच्या दारावर मगर काढतो, आणि काढलीही आहे. पण हा हात चौदा वेळा आला आणि चौदाही वेळा चोवीसातलं तेच एक दार. जिन्यातला दिवा गेला होता तेव्हासुद्धा चुकला नाही. दार सागवानी आहे म्हणून नव्हे, आत कोण राहतं म्हणून. हे नुकसान लाकडाचं नाही. दुसऱ्या मजल्यावर त्यांच्याच लोकांची दोन घरं आहेत. त्यांच्या दारावर थेंबही उडाला नाही, तरी दोघांनी नावाच्या पाट्या काढून ठेवल्या. एक दार रंगवून तीन घरं घाबरतात, ते कोणत्या चौकोनात लिहायचं?

त्यावर साहेब म्हणाले, ज्याचं दार त्याने यावं. अर्जदाराचं म्हणणं असं की ते दार ती रोज सकाळ-संध्याकाळ बघते, घड्याळजी त्याच्या आतल्या बाजूला असतात. बाहेरची बाजू जास्त अर्जदाराचीच आहे.

४. घड्याळजी का येत नाहीत, तेही ऐका. आधीच्या गावी ते एकदा तक्रार द्यायला गेले होते. तिथे त्यांना विचारलं, तुम्ही आधी काय केलं होतं? आठवड्याने, तक्रारीत दिलेला त्यांचा नवा पत्ता नेमका नको त्या लोकांना मिळाला. शिवाय राहण्याचा परवाना वाढवायची खिडकी आपल्याच कचेरीत, चारला लागून. आज तक्रारदार आणि उद्या अर्जदार म्हणून एकाच रांगेत उभं राहायला छाती लागते. झाडूवाली कंत्राटावर आहे. आणि आमच्या जिन्यात 'तक्रारमुक्त इमारत' अशी ढाल टांगली आहे, सलग चार वर्षं. सेक्रेटरी रोज ती पुसतात. आजी, ढाल जाईल हो, असं त्यांनी अर्जदाराला दोनदा गोड आवाजात सांगितलं. म्हणजे साहेब, आमच्याकडे सगळेच काही ना काही पुसत होते. कोपऱ्यावरच्या रंगवाल्याला विचारा. इमारतीला दहा वर्षांत रंग नाही आणि त्याच्याकडे टर्पेंटाइन टिकत नाही. आपला फलक खरा की त्याचं रिकामं फडताळ?

५. चौथा नंबर आधी दिला की नाही ते आठवत नाही, म्हणून हा पाच. तिसऱ्या वेळी अर्जदाराने लिहिणाऱ्याला रंगेहाथ पकडलं, रंग तर त्याच्याच हाताला होता. ती लाटणं घेऊन तीन जिने त्याच्या मागे धावली. गुडघ्यांनी त्या दिवशी दुखायची सुट्टी घेतली होती. दोन तडाखे बसले, एक कठड्याला. तो फाटकातून पाठमोरा निसटला.

६. आता मुद्दा. घड्याळजींनी घर सोडायचं ठरवलं आहे. महिनाअखेरीस जाणार. भिंतीवरची घड्याळं कागदात गुंडाळून झाली. अर्जदाराने खूप समजावलं. ते मान खाली घालून एवढंच म्हणाले, "आजी, इथे आम्हाला काही झालंच नाही, असं तुमचा फलक सांगतो. मग आम्ही जातोय तरी कशाला, हे पोरीला काय सांगू?"

मगरीच्या गोष्टी सांगणाऱ्या बाईने कागद-पेन काढलं. ती म्हणाली, मी लिहून आणते. नोंद झाली तर थांबाल? ते म्हणाले, नोंद झाली तर विचार करू. बायको म्हणाली, थांबू. आमच्याकडे शेजारी असं लिहून देत असेल तर थांबतात.

तरी विनंती की चौदा प्रकार चौदा ओळींत चढवावेत, 'इतर'मध्ये कोंबू नयेत, कारणाच्या जागी 'द्वेष' असं स्वच्छ लिहावं, आणि पत्ता कुणाच्या हाती जाणार नाही याची हमी द्यावी. ते जमत नसेल तर फलकावर शून्याखाली बारीक अक्षरांत लिहावं, 'ज्यांनी सांगितलं नाही ते यात धरलेले नाहीत'. दिवे राहू द्या.

उत्तराची वाट जिन्यात खुर्ची टाकून बघणारी,
समोरच्या दारातली आजी
(अंगठा नाही, सही. शिकलेली आहे.)

दिनांक : एकोणीस. महिनाअखेरीला अकरा दिवस.

सोबत : (१) परकराचा तुकडा, काळा झालेला, मुद्दाम न धुतलेला. (२) टपालवाल्याच्या खिशातलं पत्र. (३) घड्याळजींच्या बायकोची आणि झाडूवालीची सही. टपालवाल्याने नंतर करतो म्हटलं आहे.

ता. क. अर्ज पाकिटात घालताना हात अडला. पाचव्या कलमातलं लाटणं खोटं आहे. अर्जदार धावली नाही. दाराच्या भिंगातून बघत, आतून कडी धरून, तो शेवटचं अक्षर लिहून जाईपर्यंत ती श्वास रोखून उभी होती. पाठ नव्हे, चेहरा पाहिला. तीन महिने ती हे कुणाला बोलली नाही, कारण तिलाही त्याच जिन्याने वर-खाली करायचं असतं. तो सेक्रेटरींचा भाचा आहे. आता लिहिलं.