निळ्या काठाचं भांडं

गुरुवार, ६ नोव्हेंबर

हेझलकडे आज आणखी एक पाई आली! ओट्यावर जागा नाही, तरी येतायत. तिच्या नवऱ्याला, क्लिफला, पुरून आठवडा झाला. धाकटी बहीण आहे माझी, वाईट मलाही वाटतं. पण खरं लिहायचं तर पोटात दुखतं.

आमच्याकडे 'तिचा नवरा मेला' असं म्हणत नाहीत. 'तिने नवरा हरवला' म्हणतात. जसा काही छत्रीसारखा बसमध्ये विसरून आली! मग सगळी गल्ली पाईची भांडी घेऊन दारात. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर नाव – रिकामं झालं की परत मिळायला.

माझाही हरवलाच की! दोन वर्षं झाली नेव्हिलला बेकरीतल्या ग्लोरियाकडे राहायला जाऊन. लांब नाही, इथेच वर टेकडीवर. तेव्हा कोणी आणली पाई? साधं बिस्किट नाही. मी दुकानात शिरले की बायका गप्प. बाजूची एडना म्हणाली, "तूच काहीतरी बोलली असशील. जीभ आहे का चाकू!" मेला असता तर याच एडनाने मला चहा करून पाजला असता.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आपली टीम हरली. 'मॅच हरवली' म्हणतात आमच्याकडे, त्यालाही तोच शब्द! शाळेत मी जेमतेम टिकले, पण एकाच शब्दाला किती राबवायचं याला काही सुमार? चावी गेली तरी तोच, मॅच गेली तरी तोच, नवरा गेला तरी तोच. नेव्हिल असता तर रेडिओवर ओरडला असता.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

चर्चच्या हॉलमध्ये वजन करायचा दिवस. तिथे मात्र वजन हरवलं की टाळ्या! माझं काही हरवलं नाही, उलट वाढलं. काट्यावरच्या बाई म्हणाल्या, "नॉर्मा, खातेस तरी काय?" बहिणीच्या दुखवट्याची पाई खाते, काय सांगू?

हेझल मात्र सुकलीय. काटा नको, टाळ्या नकोत. काळ्या कोटात छान दिसते. मला तेही बघवत नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

एडना कुंपणावरून म्हणाली, "काल तुझा नेव्हिल दिसला गल्लीत. एकेक घर बघत चालला होता."

"माझा नाही," म्हटलं, "बेकरीचा."

आत आले आणि कप फोडला.

रविवार, १६ नोव्हेंबर

माझ्या फाटकाच्या टोकावर राखाडी हातमोजा! रस्त्यात सापडला की लोक जवळच्या गजावर अडकवतात, मालक शोधत येईल म्हणून. पण हा मी विणलेला. अंगठ्याला हिरवी लोकर – राखाडी संपली होती तेव्हा. अजून घालतो तर!

पण माझ्या दारावरून जातो कुठे? गल्ली पुढे बंद. शेवटचं घर हेझलचं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

गेलेच. ती खिडकी पुसत होती.

"नेव्हिल येतो का गं तुझ्याकडे?"

"कशाला येईल?"

"विधवेचा नळ दुरुस्त करायला."

फडका बादलीत आपटला तिने. "क्लिफला जाऊन महिना नाही झाला! काय बोलतेस, कळतं का तुला?" आणि रडायला लागली. एवढं सुंदर रडते की कुणीही जवळ घेईल. मी नाही घेतलं. हातमोजा खिशात दाबून परत आले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

बोलणं बंद आहे, पण रिकामी भांडी घरोघर पोचवायचं काम बहिणीचं. गेले. ओट्यावर ढीग. सगळ्यांच्या बुडाला पट्ट्या, एकालाच नाही. पांढरं, निळ्या काठाचं, कडेला टवका.

आईचं! टवका मीच पाडलेला. दोन वर्षं शोधतेय मी हे, कपाट रिकामं करकरून.

"हे कुणी आणलं?"

हेझल पायाकडे बघत म्हणाली, "ग्लोरियाने. मागच्या दाराने आली होती. तुला सांगू नको म्हणाली."

नवरा नेला तो नेला, वर माझं भांडंही! आणि त्यातच पाई करून माझ्याच बहिणीचं सांत्वन! अंगाचा तिळपापड झाला. भांडं छातीशी धरून घरी आणलं. बाकीची तशीच राहिली.

गुरुवार, २० नोव्हेंबर

टेकडीवर गेले. बसमध्ये शिव्या जुळवून ठेवल्या होत्या. ग्लोरियाने दार उघडलं. मला वाटायची तशी नटवी नाही – हाताला पीठ, डोळ्यांखाली काळं.

"भांड्याचं ना? तुझंच आहे," तीच म्हणाली. "तो इथे आला त्या दिवशी तुझी अर्धी पाई होती त्यात. वाटेत भूक लागली तर, म्हणाला."

मी नुसता हातमोजा पुढे धरला. "हा माझ्या फाटकावर होता. काय करतो तो आमच्या गल्लीत?"

ती पायरीवर बसलीच. "तिथवर पोचतो तर," म्हणाली. मग म्हणाली, "केटली कपाटात ठेवतो. मला 'अहो बाई' म्हणतो. संध्याकाळ झाली की कोट चढवतो – घरी जातो, नॉर्मा जेवायची थांबली असेल. डॉक्टर म्हणतात आता असंच. रोज थोडा थोडा हरवतोय गं तो."

मला काय वाटलं? आनंद! लिहायला कसंतरी होतं, पण झाला. तिचं नाव गेलं, माझं राहिलं! बसमध्ये खिडकीकडे तोंड करून हसत होते मी. हातमोजा तिला दिला नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आला! दार न वाजवता, मागच्या अंगणातून, आपल्या घरी यावं तसा. टोपी खुंटीला. ती खुंटी मी काढली नव्हती. "काय आहे खायला?" मी दोन ताटल्या मांडल्या. सॉसची बाटली न बघता बरोबर काढली त्याने. मी त्याच्याकडे बघत बसले. म्हटलं, घे ग्लोरिया! बघ आता!

ताटली पुसून खाल्ली. मग माझ्याकडे वळला, अगदी अदबीने.

"छान झालं होतं, बाई. नॉर्मा यायला वेळ आहे का अजून?"

"येईल एवढ्यात," म्हटलं.

"मग थांबतो."

थांबला. मीही थांबले त्याच्याबरोबर.

ग्लोरिया आली तेव्हा पाऊस होता आणि तिच्या पायात घरातल्या सपाता. फाटकाशी उभी, तोंडावर हात. मी त्याला टोपी घातली. हातमोजा घातला – हिरवा अंगठा बघून हसला तो. दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून बसपर्यंत नेला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

मांस-बटाट्याची पाई केली, निळ्या काठाच्या भांड्यात. ग्लोरियाच्या दारात ठेवून आले. बुडाला पट्टी लावली, माझ्या नावाची. म्हणजे रिकामं झालं की तिला माझ्याकडे यावंच लागेल.