सिरोंच्याला जायची तयारी

रविवार, ता. २ डिसेंबर १९५६

या वहीची माफी मागायला हवी. दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही. आधी खोकला, मग धानाची कापणी, मग पुन्हा खोकला. आलापल्लीच्या दवाखान्यात डॉक्टरने छातीला नळी लावली आणि सांगितलं, औषध पुरे, आता हवापालट करा. नदीकाठी महिनाभर राहा.

बायकोने, सगुणाने विचारलं, "हवापालट म्हंजे काय?" म्हटलं, काम नसताना गावाला जाणं. ती हसली. "तुमाले जमन का ते?"

नदीकाठी आपलं कोण? लेक गिरजा, एकच. सिरोंच्याला दिली त्याला आठ वर्षं झाली. दोनदा गेलो, दोन्ही वेळा ओट्यावरूनच परतलो. लेकीला लेकरू होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. माझ्या बापाने पाळलं, मी पाळतो.

पण महिनाभर उपाशी कसं राहणार? दुपारी उपाय सुचला. आपला शिधा न्यायचा, आपली भांडी न्यायची. लगेच कार्ड लिहून पेटीत टाकलं. येतो, शिधा बरोबर आणतो, अंगणात तीन दगडांची वेगळी चूल मांडून ठेव.

जायचंच. ठरलं.

मंगळवार, ता. ४

आयत्या वेळी धावपळ नको. ट्रंक आजच काढली. कडी गंजली होती, मोहाच्या टोरीचं, बियांचं, तेल घातलं. धोतरं दोन, बंड्या तीन, घोंगडी, कानटोपी. औषधाच्या बाटलीचं बूच सैल आहे, मेण लावलं. मोटारीत फुटली तर? धोतरात गुंडाळली. मग वाटलं, धोतराला डाग पडेल. हातातच घ्यावी. पण हातात काठी असणार. बघू.

दुसरीकडे शिध्याची थैली. महिनाभराचा तांदूळ, आपल्याच शेताच्या बांधीतला चिन्नोर. तुरीची डाळ, तिखट, मीठ, सुकवलेले झिंगे. भात रांधायला पितळी गंज, थाळी, पळी. काडीपेटी सिरोंच्याला मिळेलच, पण दमट निघाली तर? दोन घेतल्या.

शेजारचा दाजीबा डोकावला. "काऊन भाऊ, कोन मेलं?"

"कोनी नाई मेलं. हवापालटीले चाललो."

"मंग हे गंज-थाळी कायले? लेकीच्या गावी खानावळ टाकून राह्यले का?"

ज्याला लेक नाही त्याला काय सांगायचं.

बुधवार, ता. ५

ओझं उचलून पाहिलं. मोटारीपर्यंत दोन कोस चालायचं आहे, तेव्हा सवय हवी. थैली खांद्यावर, ट्रंक डोक्यावर, तलावाच्या पाळीपर्यंत गेलो. पाळीवर खोकल्याची उबळ. बसलो. पळी काढून टाकली. पळीने काय फरक पडतो, पण काढली.

सगुणा दारातून पाहत होती. "लेकीकडे चालले का सूरजागडचा डोंगर चढाले?"

उद्या पुन्हा. रोज थोडं लांब जायचं.

शनिवार, ता. ८

चार दिवसांत पाळीच्या पुढे चिंचेपर्यंत. दम कमी लागतो. आता जाड रस्सीने बांधलेलं ओझं हलत नाही. गिरजाचं उत्तर नाही. कार्ड हरवलं असेल? की चूल मांडायला अंगणात जागा नसेल? दगड इथूनच न्यावेत का? सगुणाला विचारलं. ती घागर घेऊन पाण्याला गेली.

सोमवार, ता. १०

कार्ड आलं. गिरजाच्याच हातचं, मराठी चौथीचं वळण तसंच आहे. उतरवून ठेवतो.

"बाबा, या. नदीकडच्या खिडकीशी खाट घातली आहे. यांनी नवी दोरी विणली. पण शिधा आणणार असाल तर येऊ नका. मागच्या वेळी तुम्ही ओट्यावरून गेलात, तेव्हा समोरच्या बायांनी तेलुगूत मला विचारलं, बाप न जेवता का गेला? अंगणात वेगळी चूल मांडली तर त्यांना विचारावंही लागणार नाही. रोज दोन वेळा धूरच सांगेल."

सगुणाला वाचता येत नाही. मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटची ओळ दोनदा वाचावी लागली. खोकला.

ती सूप घेऊन धान पाखडत होती. थांबली नाही. म्हणाली, "म्या तं खाल्लं."

"काय खाल्लं?"

"दोन वर्सांमागं तिले ताप आला, मी बारा दिवस गेली होती. तिच्याच घरचं खाल्लं."

"पीठ बांधून नेलं होतं ना तू?"

"मोटारीत एक बाई होती लेकरंवाली, तिले देल्लं. मंग काय बारा दिवस नदीची रेती खातो का मी?"

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी काऊन नाई इचारलं?"

मंगळवार, ता. ११

सगुणाशी बोललो नाही. तीही नाही. भाकर मात्र वेळेवर.

दाजीबाला सगळं सांगावं लागलं, पोटात राहीना. त्याने बराच वेळ डोकं खाजवून तोड काढली. "लेकीच्या हातचं नाई ना चालत? जावयाच्या हातचं खा. त्यानं भात रांधला म्हंजे दोष कुठी लागते?"

मला ते पटलं. खरंच पटलं. घरी येऊन अबोला मोडला आणि सगुणाला सांगितलं. ती म्हणाली, "हो. जावई चुलीपुढं, सासरा पाटावर. मंग तं अख्खं सिरोंचा पाहाले येईन."

बुधवार, ता. १२

ओझं घेऊन चाललो नाही आज. ओट्यावर बसून होतो.

लोक समजतात म्हातारा रीत धरून बसला आहे. रीत आहेच. पण मी आठ वर्षं मनात एक दिवस धरला आहे. सिरोंच्याहून निरोप येईल, बाळ झालं. मी जाईन, गिरजा ताट वाढेल आणि मी पहिल्यांदा तिच्या हातचं जेवेन. काय वाढेल तेही ठरवलं होतं. आज तिच्या घरी जेवलो म्हणजे तो दिवस संपला. तिला वाटेल, बापाने आशा सोडली.

आणि शिधा नेला तर रोज तिच्या अंगणातून धूर.

न्यावा तरी तेच बोलणं, न न्यावा तरी तेच. आणि गेलोच नाही, तर?

हे आधी का नाही सुचलं. दोन काडीपेट्या सुचल्या.

गुरुवार, ता. १३

सगुणाला विचारलं, तू पहिला घास घेतलास तेव्हा गिरजा काय म्हणाली?

"काई नाई. ताप होता. उठून बसली, अन् मले आनखी वाढलं."

"रडली?"

"तुमाले सारं लिहून पायजे का वहीत?"

थैली सोडली. तांदूळ कणगीत परत, डाळ डब्यात. गंज-थाळी फळीवर. आता ट्रंक तेवढी उरली. उचलून पाहिली, इतकी हलकी की काही विसरल्यासारखं वाटतं. चार वेळा उघडून बघितली. बाटलीला बंडीत जागा केली, बूच वरच्या बाजूला. घोंगडीची वळकटी घट्ट बांधली. जायची तयारी पूर्ण.

माझी तयारी झाली. गिरजाची आहे का, ते मी कधी विचारलंच नाही.

शुक्रवार, ता. १४

सकाळी कार्ड लिहिलं. दोन कार्डं खराब झाली, हे तिसरं. नक्कल:

"चि. गिरजास आशीर्वाद. चूल मांडू नकोस. शिधा आणत नाही, तांदूळ कणगीत परत टाकला. येईन तो घरात येईन आणि तू वाढशील ते जेवेन. पण एक भीती आहे. मी ताटावर बसलो की तू मनात म्हणशील, बाबा आता वाट पाहत नाहीत. तसं नाही. तसं नाही हे कार्डावर कसं लिहावं, मला येत नाही. माझं शिक्षण तेवढं नाही. तुला माझ्या जेवण्याने दुखणार असेल तर स्पष्ट सांग, मी खोकला इथेच काढीन, रागावणार नाही. पुढच्या बुधवारच्या मोटारीत जागा सांगून ठेवली आहे. ट्रंक भरलेली आहे. लिहायला वेळ नसेल तर मोटारीच्या ड्रायव्हरजवळ तोंडी सांग, या म्हणून किंवा नको म्हणून, एका शब्दात. मी मंगळवारी रस्त्यावर उभा राहीन. पण निरोप धाड, बाई. लवकर धाड."