नाईलची सहल अन् राजिमचा कलश

ती. आईले रायपूरहून ज्ञानदाचा नमस्कार.

मी ठीक आहे, डबाही वेळेवर खाते. तुझे गुडघे कसे आहेत? रोज तेल लावतेस ना?

आमच्या टूरच्या ऑफिसात मी एका सेठजींची इजिप्तची सहल आखून राहिली. नाईल नदीत फक्त त्यांच्या घरच्यांसाठी बोट, सोबत स्वयंपाकाले त्यांचा महाराज, अन् हजारो वर्षांआधीच्या राजांच्या कबरी पाहायच्या, त्याही दुसरं कोणी नसताना. इथवर सोसलं.

काल म्हणतात, "दीदी, पिताजी की अस्थियाँ तीन महीने से गैराज में टँगी हैं, टाइम ही नहीं मिला. आप ही राजिम के संगम में विसर्जन कर दो, वीडियो भेज देना."

तूच सांग, आई! परक्या राजांच्या कबरींसाठी बारा दिवस, अन् सख्ख्या बापासाठी इथून तासाभरावरच्या राजिमले जाणं होत नाही. लाज कशी वाटत नाही मेल्यांले!

ऑफिसातले साहेब म्हणाले, "कर दो." मीच गेली. कलश मांडीवर धरला, दादानं बाबांचा धरला होता तसा.

संगमावर पंडितजींनी विचारलं, "आप इनकी कौन लगती हैं?"

मी म्हटलं, "बेटी."

व्हिडिओ काढला नाही.

तुझी अन् बाबांची,
ज्ञानदा