क्विनसाहेबाचे बारा कागद

ता. २ जून १९१४
आज सिरसाळ्याच्या पोस्टात दोन तास गेले — क्विनसाहेबाच्या आईला पत्र! अर्जुनराव देशमुखांची घोडी वठणीवर आणणारा हा आयरिश गडी. फौजेतून सुटलेला, सहा फूट उंच. लेखणी धरली की मात्र घाम फुटतो. सही तेवढी येते. त्याचं आयरिश वळणाचं इंग्रजी मला उमगत नाही, म्हणून तो दखनीत सांगतो, मी इंग्रजीत उतरवतो. "मुन्शी, माँ कू लिखो, मैं मोटा हो गया." लिहिलं. साफ खोटं!

ता. १९ जुलै
म्हातारीचं उत्तर आलं. तिकडं ती सांगते, पाद्री लिहितो. विचारते — "आरंभी माझ्या चरणी साष्टांग नमस्कार कशाला? तुला ताप आलाय का?" मायना मी आपल्या वळणानं घातला होता. मातोश्रींना पत्र आणि नमस्कार नाही, हे माझ्या हातून कसं व्हावं! साहेब पोट धरून हसला. "रहने दो. उसकू अच्छा लगा होगा."

ता. २३ ऑगस्ट
विलायतेकडं लढाई पेटली. साहेबाला फौजेचं बोलावणं आलं. आईला कळवायचं नाही म्हणतो. थोरला भाऊ बोअरांच्या लढाईत मारला गेला, तेव्हा ती सहा महिने घराबाहेर पडली नाही. आता हाही निघाला म्हटल्यावर ती टिकायची नाही.
मग काय केलं ह्या पठ्ठ्यानं? बारा कोऱ्या कागदांवर तळाला सही ठोकली आणि गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. "महिने कू एक. बारा खतम होने के पहले मैं आता." पोस्टाचा माणूस आणि खोटी पत्रं! नोकरीवर गदा यायची. पण हो म्हणालो.

ता. २५ ऑगस्ट
गेला. घोड्यांची निगा करणारा हबीब मोतद्दार तबेल्यात तोंड लपवून रडला. विचारलं तर म्हणे, "डोळ्यात भुसा गेला."

ता. १० ऑक्टोबर
दुसरा कागद. काय लिहावं? हबीब म्हणाला, "लिवा की, तांबडी घोडी गाभण हाय." लिहिलं. हे मात्र खरं हो! मग पत्रातच साहेबाला कपिलधारला नेऊन धबधब्याखाली उभं केलं. बायकोला, केसरला, वाचून दाखवलं तर ती माझ्यावरच घसरली — "गार पाण्यात कावून भिजवलं त्याला? पडसं व्हईल न्हाई का!" म्हणून खाली पडसंही लिहिलं.

ता. ६ डिसेंबर
साहेबाची फ्रान्सहून चिठ्ठी, कुणा सोबत्याच्या हातची. थंडी फार, चिखल फार, तांबडी कशी आहे? आईची चौकशी शेवटच्या ओळीत!

ता. १७ जानेवारी १९१५
पाचव्या कागदावर शाई सांडली. सहीसकट गेला. त्याचा एक महिनाच आपण पुसला की काय! केसरनं झापलं, "कागदानं माणूस मरतंय व्हय?" सहावा घेतला.

ता. ९ एप्रिल
म्हातारीचं पत्र. पडसं गेलं का? घोडी व्याली का? शिंगराचं नाव काय? कसलाही संशय नाही! हबीब म्हणाला, "त्रिंबकराव, तुमी पोस्टात उगंच वाया गेलाव." मीही जरा फुगलो.

ता. २० एप्रिल
साहेबाची चिठ्ठी नाही. डिसेंबरनंतर एकही नाही. चिखलात टपाल अडकलं असेल.

ता. २९ मे
पाकिटावर साहेबाचं नाव नाही. 'माझ्या मुलाची पत्रं लिहिणाऱ्यास, पोस्ट सिरसाळा.'
"महाशय, डेनिस नाताळाच्या आधी दोन दिवस फ्रान्समध्ये मारला गेला. जानेवारीत सरकारी कागद आला. त्यानंतर तुमची चार पत्रं आली. पहिलं मी चुलीत घालणार होते. पाद्री म्हणाले, वाचू तर. तुम्ही त्याला हिंडवता, जेवू घालता; म्हणून मीही मागं शिंगराचं नाव विचारलं. तो तिथं बरा आहे. पत्रं थांबवू नका. फक्त आता त्याचं लग्न होऊ द्या. पस्तिशीचा झाला होता."
फौज आईलाच कळवणार, हे मला पोस्टातल्या माणसाला सुचू नये! हबीब ऐकून तांबडीपाशी जाऊन बसला. घरी पत्र वाचून दाखवलं. केसर आत जाऊन रडली. मग तोंड धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, "पोरगी चांगली बगा."