गायरानातले उंबरे

चिंचवड स्टेशनजवळची वस्ती,
चैत्र, १९५८

प्रिय अंबू,

मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे, म्हणजे जोडाक्षरांवर अडून तू वैतागायला नकोस. पत्र्यावर कोळशानं तुला बाराखडी गिरवायला लावली ती मीच, तेव्हा तुझं वाचन कसं चालतं ते मला सांगू नकोस. सावकाश वाच, पण शेवटपर्यंत वाच. आधी बातमी सांगून टाकते, माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला ठाऊकच आहे. आपण जिंकलो, अंबू. घरं झाली. विटांच्या भिंती, वर कौलं, दोन-दोन खोल्या, मागं मोरी, पुढं ओटा. हप्ता असा की तो भरूनही महिनाअखेर डब्यात पीठ असतं. आत्ता मी माझ्या स्वतःच्या ओट्यावर बसून हे लिहिते आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला उगीचच हाका मारते आहे.

तू माहेरी गेलीस तेव्हा गायरानातल्या आपल्या पत्र्याच्या खोपटांना नोटीस लागली होती, एवढं तुला आठवत असेल. कारखाना उभा राहिला, धुराड्यातून धूर निघाला, आणि ज्यांनी त्याचा पाया खणला त्यांनी आता आपलं बिऱ्हाड उचलावं असं ठरलं. साहेबांना बंगले, कारकुनांना क्वार्टर्स, आणि आपल्याला काय, तर गावातल्या बड्या यशवंतरावांची भाड्याची चाळ. तू गेल्यावर त्यांनी ती घाईघाईनं पुरी केली. सगळ्या चाळीला नळ एक, खोल्या खुराड्यासारख्या, आणि भाडं ऐकून आमचे हे म्हणाले, ‘मग खायाचं काय, पत्रा?’ तेव्हा आम्ही बायकांनी सरकारी कचेरीत अर्ज केला. लिहिला मी, अंगठे सगळ्यांचे. आम्ही इथंच राबतो, गायरानाच्या कडेची पड जमीन आम्हांला घरांसाठी द्या, पैसे हप्त्यानं फेडू, असं साधंच मागणं होतं. कचेरीतून उत्तर आलं की गायरान गावाचं आहे, ग्रामपंचायतीचा ठराव आणा.

म्हणून आम्ही सरपंचांकडे गेलो. चिमाजीबाबा माणूस वाईट नाही, पण त्यांच्या ओसरीवर यशवंतराव आधीच पान जमवत बसलेले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बाई, आमच्याकडं सारं उंबऱ्यावर चालतंय. पट्टी उंबऱ्यामागं, जत्रंची भाकर उंबऱ्यामागं. तुमचं उंबरं कुठं हायत? पालावरच्या लोकांसाठी गाव ठराव कसा करील?’ ओसरीवरचे सगळे हसले. मी रडले नाही, पण परतताना अशी तरातरा चालले की बाकीच्या बायका मागं पडल्या. दारात पोचले तर दार म्हणजे गोणपाट, आणि खाली सपाट माती. उंबरा नाही म्हणता काय, म्हटलं. बरं. लावून दाखवते.

लाकडाचा प्रश्न होता. कारखान्यात परदेशातून यंत्रं यायची, त्यांची मोठाली खोकी फोडली की फळ्या आवारात पावसात कुजत पडायच्या. आमच्या ह्यांनी साहेबांना विचारून त्या आणल्या. आणि उंबरे केले कुणी, तर तुझ्या माणसानं, जोतीराम भावजींनी. पाळी संपवून यायचे, हातपाय धुवायचे आणि रंधा घेऊन बसायचे, कुणाशी बोलणं नाही की चालणं नाही. फळ्यांवर काळ्या रंगात अक्षरं नि खुणा होत्या, त्या काही केल्या पुरत्या निघेनात. शालनबाईच्या उंबऱ्यावर तर वरची बाजू दाखवणारा अर्धा बाण तसाच राहिला, ती त्यालाच रोज हळदीकुंकू वाहायची. पहिला उंबरा भावजींनी तुमच्या खोपटाला बसवला. मी म्हटलं, अहो, आधी नांदत्या घरांचं बघा. तर म्हणाले, ‘ह्ये बी नांदतंच हाय, वैनी.’

चैत्रातली भैरवनाथाची जत्रा तू पाहिली आहेस. धर्माजी गुरव बैलगाडी घेऊन दारोदार फिरतात, घरची बाई उंबरा ओलांडून बाहेर येते, टोपलीभर भाकरी गाडीत ओतते, अंगारा लावून घेते, आणि त्याच भाकरीवर सगळ्या गावाची पंगत उठते. आपल्या वस्तीवरून ती गाडी दर वर्षी तशीच निघून जायची. तू गेल्यावरच्या जत्रेला आम्ही पहाटेपासून भाकरी थापल्या. धुतलेली लुगडी नेसलो, उंबऱ्यांवर रांगोळी काढली आणि टोपल्या घेऊन आपापल्या दारात उभ्या राहिलो. गाडी सरळ निघून गेली असती तर त्या हसण्यापुढं आम्हांला पुन्हा तोंड वर काढता आलं नसतं, आणि वस्ती उठली असती ती निराळीच.

धर्माजींनी बैल थांबवले. मागून यशवंतराव सायकलवर आले आणि ओरडले, ‘खोक्याला फळी ठोकली म्हंजी घर झालं व्हय?’ धर्माजी शांतपणे खाली उतरले. वाकून माझ्या उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि म्हणाले, ‘यशवंतराव, आत्ता तुमच्या चाळीवरनंच आलो. तिथं एका बी खोलीला उंबरा न्हाई, लाकूड वाचवलंसा तुमी. म्हणून तिथं गाडी थांबवली न्हाई. हितं उंबरा हाय, कुंकू हाय, भाकर हाय. हितं मी थांबणार.’ अंबू, पहिली टोपली माझी. भाकरी ओतताना मी यशवंतरावांकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि न पाहण्यात केवढं सुख असतं ते मला त्या दिवशी कळलं. देवळात बाजरीच्या ढिगात आपल्या ज्वारीच्या भाकरी पांढऱ्याफेक दिसत होत्या. गावच्या म्हाताऱ्यांनी त्या आमटीत चुरून खाल्ल्या आणि वर आणखी मागितल्या.

वैशाखात ग्रामसभा भरली. मला खरी भीती ठकुबाईंची होती. त्यांचं शेत गायरानाला लागून, जनावरं मोठी, आणि जीभ त्याहून मोठी. त्या काठी टेकत उठल्या. म्हणाल्या, ‘ह्यांची भाकर मी देवाच्या पंगतीला खाल्ली. आता ह्यांना परकं म्हणलं तर भैरोबा मला जाब इचारील. वरची पड गुरांना ऱ्हाऊ द्या, खालची ह्यांना द्या.’ मग चिमाजीबाबांनी स्वतःचा हात वर केला आणि त्यांच्या मागं हातांचं नुसतं रान उभं राहिलं. परतताना आपल्या माणसांनी हलगी काढली आणि मी, सातवी पास, मास्तराची लेक, भर रस्त्यात फुगडी घातली. त्यानंतर कचेरीच्या चकरा झाल्याच, चपला झिजल्या, पण दिवाळीला जमिनीचा हुकूम हातात आला. आपली सोसायटी निघाली. पुरुष पाळी संपवून विटा वाहायचे, आम्ही पाणी. गंमत सांगू? यशवंतरावांनी आता चाळीला उंबरे बसवले आहेत आणि भाडंही उतरवलं आहे.

तुझ्या गोदीचं नाव या पत्रात घ्यायचं नाही असं ठरवून बसले होते. जमत नाही. तू जाण्याआधीच्या श्रावणात वाऱ्यानं तुमचा पत्रा उडाला, पोर रात्रभर भिजली आणि तापातून उठली नाही. कचेरीत कुणी मला उद्या या म्हटलं की तीच डोळ्यांपुढं यायची आणि मी तिथून हलायची नाही. पत्र्याखाली दुसरं लेकरू ठेवणार नाही असं म्हणून तू पोटुशी निघून गेलीस, ते बरोबरच केलंस. इथं कुणी तुला बोल लावला तर मी त्याला तिथल्या तिथं गप्प केलं आहे. भावजींनीही तुला कधी बोल लावला नाही. लेकाला ते एकदाच पाहून आले, त्यावर आठवडाभर त्यांच्या तोंडावर हसू होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझ्या घराला लागून असलेलं घर जोतीराम भावजींच्या नावावर आहे. दारं-खिडक्या त्यांनी स्वतः केल्या, चुना स्वतः मारला, लेकासाठी बुटकी बाज विणून ठेवली. परवाच्या गुढीपाडव्याला आम्ही सगळे नव्या घरात आलो. ते आले नाहीत. सगळ्यांचे पत्रे उतरले, मोकळ्या गायरानात एकच खोपट उभं आहे, आणि त्यात ते राहतात. सोसायटीचा नियम असा की अक्षय्य तृतीयेपर्यंत जो राहायला येणार नाही त्याचं घर पुढच्या कुटुंबाला द्यायचं. लोकांना वाटलं, ह्यांना घर नकोच आहे. मी परवा चिडून त्यांच्याकडे गेले, हवं तेवढं बोलले, शेवटी म्हटलं निदान अंबूला चार ओळी तरी लिहायला लावा माझ्याकडून. ‘तिनं तिच्या मनानं यावं, मी बोलवून न्हाई,’ म्हणाले. मग नव्या घरात येऊन वाट बघा, म्हटलं. तर खाली मान घालून म्हणाले, ‘तिला नवं घर ठावं न्हाई, वैनी. ती आली तर मला हितंच हुडकंल.’ अंबू, मी तिथून थेट सोसायटीच्या बैठकीत गेले आणि तू तृतीयेच्या आत येते आहेस असा शब्द देऊन आले, तुला न विचारता. माढ्याला गाडीत बस, पुण्याला उतरून लोणावळ्याच्या गाडीनं चिंचवडला ये. मी रोज स्टेशनवर येते आहे. लेकराला घेऊन आधी गायरानात जा, आणि तुझ्या माणसाला तिथून घरी घेऊन ये.

तुझीच,
सारजा