तारखेची जागा

नाना, मागच्या वर्षी तुमच्या श्राद्धाच्या दिवशी याच वहीत मी लिहिलं होतं की शाळेचा राजीनामा तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून दिलात. ते चूक आहे. सही तुमची होती, कागद मी लिहिला होता. वर्षभर ते वाक्य मला टोचत राहिलं, म्हणून आधी ते दुरुस्त करते.

मी तेव्हा नऊ वर्षांची. शाळेत घातलेलं नव्हतं. जे शिकले ते धरणगावच्या त्या घरात, चुलीपुढे, तुमच्याकडे. तुमच्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं आणि शाळेच्या सेक्रेटरींना सगळ्या मास्तरांचे कागद दुसऱ्या दिवशी हवे होते. तुम्ही पाटावर बसून सांगताय, मी लिहितेय. ‘घरगुती अडचणीमुळे मी आपल्या शाळेची नोकरी स्वखुशीने सोडत आहे.’ मी विचारलं, "नाना, तुम्ही नोकरी सोडताय?" तुम्ही म्हणालात, "नाही गं. सगळ्यांनाच लिहून द्यावं लागतं." मग मी तारखेसाठी टाक दौतीत बुडवला, तर तुम्ही माझा हात धरलात. "ती जागा कोरी सोड." तारीख नसलेला कागद म्हणजे बिनधन्याचं ढोर, असं तुम्हीच मला शिकवलं होतं. मी तसं म्हणताच तुम्ही ओरडलात, "सोड म्हटलं ना!" भाकरी थापता थापता माय हसली. "हाई पोर बठ्ठं इचारस," म्हणाली, सगळंच विचारते म्हणून. तुम्ही हसला नाहीत.

पुढल्या साली कापसाच्या वेचणीला सेक्रेटरींनी वरच्या दोन वर्गांची मुलं आपल्या शेतात मागितली. तुम्ही पाठवली नाहीत. शाळेच्या वेळात मुलं शाळेत राहतील, एवढंच तुम्ही म्हणालात. चार दिवसांनी तुमच्यापुढे तो कागद तारखेसह ठेवला गेला. त्या संध्याकाळी तुम्ही मायला जे सांगितलंत ते मी दाराआडून ऐकलं. तुम्ही सेक्रेटरींना म्हणाला होतात, मास्तराला काढायचं तर कारण लेखी द्यावं लागतं, त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, तसा खात्याचा नियम आहे. त्यावर ते हसले होते. "नियम काढून टाकण्याला आहे, मास्तर. तुम्ही तर आपल्या पायांनी जाताय."

त्यानंतर तुम्ही सरकी काढायच्या जिनात कापूस तोलायला लागलात. घरी यायचात तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरी रुई बसलेली असायची. दोन हिवाळे तुम्ही खोकलात, तिसरा पाहिला नाहीत.

आता मी पारोळ्यात मुलींच्या शाळेत बाई आहे. नाना, इथेही तसाच बिनतारखेचा कागद आहे. लागताना मी माझा लिहून दिला, आणि अक्षर बरं म्हणून इथल्या सेक्रेटरींनी इतर दोघींचेही माझ्याकडूनच लिहून घेतले. मी लिहिले. तुमचं सगळं पाहिलेली मी, तरी हात थांबला नाही. नोकरी हवी होती. आमच्या हेडबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "अक्षर चांगलं असलं की काम गळ्यात पडतं, बाई. म्हणून तर मी कोंबडीचे पाय काढते!" आम्ही सगळ्या हसलो होतो.

त्या दोघींपैकी एक, तिसरीचा वर्ग शिकवणारी, दिवाळीनंतर विषमज्वरानं तीन आठवडे पडून होती. म्हातारी आई तिच्याच जिवावर आहे. दुखण्याची रजा तिला मिळायला हवी. हेडबाईंच्या कपाटातलं खात्याचं पुस्तक काढून मी तसा नियम दोनदा वाचला. पण आमच्या सेक्रेटरींची भाची ट्रेनिंग संपवून आली आहे आणि तिला जागा हवी आहे. काल दुपारी त्यांनी मला बोलावलं, आजारी बाईंचा कागद पुढे सरकवला.

"बाई, एवढी तारीख घाला. दिवाळीच्या आधीची कुठलीही."

"बाईंना विचारलंत का?"

"राजीनामा त्यांचा, सही त्यांची. त्यात विचारायचं काय? अक्षर मात्र तुमचं आहे, दुसऱ्याच्या हातची तारीख बरी दिसायची नाही."

मी नाही म्हणाले नाही. टाक घरी राहिला म्हणाले, घरून घालून आणते. ते म्हणाले, "आणा सावकाश. तुमचाही कागद आहेच आमच्याकडे, जपून ठेवलाय." कागद आता माझ्यासमोर आहे, कोरी जागाही आणि शेजारी तुम्ही दिलेला टाक.

ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ते अजून लिहिलेलं नाही. तुमच्या कागदावरची तारीख कोणी घातली, ते तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. त्या चौथ्या दिवशी तुम्ही शाळेत होतात, माय नदीवर गेली होती. शाळेचे कारकून तो कागद घेऊन दारात आले आणि म्हणाले, "पोरी, तुझं एवढं सुंदर अक्षर आणि तारीख राहिली बघ." वर्षभर ती कोरी जागा माझ्या डोक्यात होती, नाना. अपुरा कागद दिला म्हणून मला लाज वाटत होती. मी धावत दौत आणली. त्यांनी सांगितली ती तारीख मी घातली, वाळू टाकली, फुंकर मारली. तुम्ही आलात की सांगायचं ठरवलं होतं. तुम्ही आलात, पण त्या दिवशी माझा कित्ता तपासला नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा तपासलात, आणि "ळ चांगला आलाय" म्हणालात. माझं अक्षर तुम्ही ओळखलं नसेल, असं मला कधीच वाटलं नाही.

शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब तपासणीला येणार आहेत. हा कागद आहे तसा, तारखेवाचून, मी त्यांच्या हातात देणार आहे. सोबत माझा अर्ज, की तिन्ही राजीनामे मी लिहिले, कोणत्याही बाईनं नोकरी सोडलेली नाही. साहेब ऐकतील की नाही, माहीत नाही. माझ्या कागदावर त्याच संध्याकाळी कोणीतरी तारीख घालेल, हे माहीत आहे. मला भीती वाटते. माझ्या जागी तुम्ही असतात तर दिला असता का हा अर्ज, हेही मला ठरवता येत नाही. हे पत्र मात्र वहीतच राहील.

मागे फिरता येऊ नये म्हणून अर्जावर तारीख आजच घालून ठेवली आहे. सोमवार, पौष वद्य पंचमी.